सावलीतील अंश आणि उन्हातील मजुरी



वसंत व्याख्यानमालेत ऋतूविषयी बोलायचे म्हटले की वक्त्याने कोकिळा, आंब्याचा मोहर आणि मंद वारा यांपासून आरंभ करावा अशी रीत आहे. रीत मोडण्याची आमची इच्छा नाही. घाटंजी-पांढरकवड्याच्या वाटेवर पळस नुकताच फुलून गेला, आणि मोहाच्या झाडांखाली पहाटेच्या अंधारात कोलाम-गोंडांची बायकापोरे फुले वेचू लागली आहेत. एवढे सांगून आम्ही मंद वाऱ्याची रजा घेतो. कारण आपल्या जिल्ह्यात चैत्राचा वारा मंद असतो तो सकाळी आठ वाजेपर्यंतच.

सरकारी वेधशाळेच्या दप्तरात तर वसंत नावाचा ऋतूच नाही. जानेवारी-फेब्रुवारी हा तिचा हिवाळा, जून ते सप्टेंबर हा पावसाळा, आणि मार्च ते मे हा मान्सूनपूर्व काळ, म्हणजे सरळ उन्हाळा. ज्याला पंचांग वसंत म्हणते त्याला खाते उन्हाळा म्हणते. आणि या दोघांत खरे कोण बोलतो हे वणी-मारेगावकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. गंमत अशी की, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, आणि भारताचे हवामान खाते स्थापन झाले तेही १८७५ सालीच. १८६४ मध्ये कलकत्त्याला मोठे चक्रीवादळ झाले, १८६६ आणि १८७१ या साली पावसाने दगा दिला, आणि मग सरकारला हवा मोजण्याची निकड पटली. खात्याची मुख्य कचेरी कलकत्त्याहून १९०५ मध्ये शिमल्याला गेली, १९२८ मध्ये पुण्याला आली आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेली. पुण्यातल्या त्या जागेला लोक अजून शिमला ऑफिस म्हणतात. पुण्याच्या उन्हात शिमल्याचे नाव तेवढे गारवा देते. असो. दोन्ही संस्थांना आता दीडशे वर्षे होऊन गेली. एक लोकांना विचार देते, दुसरी आकडे देते. या आकड्यांचा उपयोग कोणाला होतो आणि कोणाला होत नाही, हा आमचा आजचा विषय आहे.

आम्ही हवामानशास्त्राचे पंडित नाही. या शास्त्राशी आमची गाठ पडली ती कामाच्या वेळेवरून झालेल्या भांडणांत. आणि भांडणात उपयोगी पडावे म्हणून जे शिकावे लागते ते माणूस जरा नीट शिकतो, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम हा अंदाज म्हणजे काय ते पाहू. मार्च महिना संपता संपता खाते एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांचा अंदाज प्रसिद्ध करते. ही प्रथा २०१६ पासूनची आहे. त्यात देशाचा नकाशा असतो आणि त्यावर रंग असतात. दिवसाचे तापमान सरासरीहून अधिक राहण्याची शक्यता कोठे किती, रात्रीचे कोठे किती, आणि उष्णतेच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा कोठे वाढतील, एवढेच तो नकाशा सांगतो. यवतमाळला मे महिन्याच्या चौदा तारखेला किती अंश असतील हे त्यात नसते. पुढे दर आठवड्याचा आणि मग रोजचा अंदाज येतो, तो अधिक नेमका असतो. विदर्भासाठी तो नागपूरच्या केंद्रातून निघतो, आणि त्याला हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल असे चार रंग असतात.

बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ येथे अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. शेतात गोल आखून धान्ये मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवून त्यावर पाण्याची घागर ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हलले, काय भिजले ते पाहून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. त्यासाठी दूरदूरचे शेतकरी जमतात. आम्ही त्यांना हसत नाही. ज्याचे वर्षभराचे पोट पावसावर आहे तो कोणाकडून तरी उत्तर मागणारच. मात्र वेधशाळेचा एक गुण आम्हांला मोठा वाटतो: तिचा अंदाज चुकला तर तो किती अंशांनी आणि किती दिवसांनी चुकला हे मोजता येते, आणि पुढच्या साली तिला ते विचारता येते.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. उष्णतेची लाट कशाला म्हणावे, याचे खात्याने तीन वेगवेगळे माप ठरविले आहेत. सपाट मुलखात पारा निदान ४० अंशांवर गेला पाहिजे, समुद्रकिनारी ३७ वर, आणि डोंगराळ भागात ३० वर. शिवाय तो त्या ठिकाणच्या नेहमीच्या तापमानाहून साडेचार अंश किंवा अधिक चढला पाहिजे. सपाटीवर पारा ४५ ला पोचला तर मग सरासरी पाहण्याची गरज नाही, ती लाटच. आणि ४७ ला पोचला तर तीव्र लाट. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. तीस अंशांची लाट! यवतमाळला तीस अंश असले तर माणूस मार्चमध्येही पांघरूण शोधेल. मग एकाच देशात तीन मापे का?

याचे उत्तर आपल्या प्रत्येकाच्या खिडकीत बसविलेले आहे. त्याला आपण कूलर म्हणतो, आणि दुकानदार त्याला डेझर्ट कूलर म्हणतो. नावातच वाळवंट आहे. त्या लोखंडी पेटीत काय असते? एक पंखा, एक पाण्याचा पंप, आणि तीन बाजूंना गवताच्या किंवा वाळ्याच्या ताट्या. ताटीवरून पाणी झिरपते, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताटीतून आत ओढतो, पाण्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते पाणी हवेतली उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते तेही ह्याच रीतीने. आता हाच कूलर घेऊन रत्नागिरीला जा. पंखा फिरेल, पाणी गळेल, वाळ्याचा वास सुटेल. पण खोली गार होणार नाही, उलट घाम अधिक येईल. कारण तेथील हवेत पाणी आधीच भरलेले आहे. तिला आणखी प्यायला जागा नाही.

मनुष्याचे शरीर हा असाच एक कूलर आहे. कातडी ही त्याची ताटी, घाम हे पाणी. विदर्भाच्या कोरड्या हवेत घाम सुटतो न सुटतो तोच वाळतो. अंगावर मिठाची पांढरी रेघ तेवढी राहते. पाणी आणि मीठ मिळत राहिले तर हा कूलर ४२ अंशांतही काही काळ चालतो. कोकणात घाम ओघळतो, वाळत नाही. म्हणून तेथे ३७ अंश म्हणजे संकट. आणि डोंगरावरच्या माणसाचे अंग, घर, कपडे, सगळेच थंडीसाठी घडलेले; त्याला तीस अंश जड जातात. तेव्हा वाळवंट, किनारा आणि डोंगर यांची तीन मापे ही सरकारी हुक्की नव्हे, त्यांत शहाणपणा आहे. त्या तीन मापांच्या मागे एकच प्रश्न आहे: अंगातली उष्णता बाहेर कशी जाईल?

आपला जिल्हा या तिन्हींपैकी कशात मोडतो? माप सपाटीचे लागते. परंतु आपली हवा मात्र तिन्हीकडून येते, आणि हे समजले की चैत्र-वैशाखातले बरेच कोडे सुटते.

पहिले वाळवंट. सूर्य उत्तरेकडे सरकू लागला की राजस्थान-सिंधची वाळू तापते, तेथली हवा हलकी होऊन वर चढते, आणि एप्रिल-मेमध्ये तिकडून वायव्येचे कोरडे वारे मध्य भारतातून उतरत विदर्भावर येतात. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले. त्याआधीचा उच्चांक अलवरचा, १९५६ मधील ५०.६ अंश. त्या भट्टीची झळ आपल्या दाराशी येते. समुद्र आपल्यापासून दोन्ही बाजूंनी दूर, पश्चिमेचा तर सह्याद्रीच्या आड. त्यामुळे झळ अडविणारा ओला वारा नाही. मे महिन्याच्या वीस-बावीस तारखेच्या सुमारास सूर्य यवतमाळच्या बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी उभ्या माणसाला स्वतःची सावलीसुद्धा मिळत नाही. यवतमाळ शहर पठारावर आहे म्हणून येथे रात्री थोडी उसंत मिळते. खाली वर्धेच्या खोऱ्यात, वणीकडे, काळा दगड आणि काळा कोळसा दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ओकतात. वणी भागातील उघड्या खाणींत आणि राजूरच्या चुनाभट्ट्यांवर जे काम करतात त्यांना वाळवंट पाहायला राजस्थानात जावे लागत नाही.

दुसरा डोंगर, म्हणजे हिमालय. तो येथून फार लांब आहे असे वाटते. परंतु खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये असे मांडले होते की हिमालयावर हिवाळा-वसंतात बर्फ अधिक पडले तर पुढचा पाऊस मंदावतो. आणि त्याच आधारावर या देशातील पावसाचे पहिले दीर्घ मुदतीचे अंदाज निघाले. आज शास्त्रज्ञ त्या नात्याकडे पुष्कळ सावधपणे पाहतात, पण डोंगर आणि सपाटी यांचा हिशेब एकच आहे हे त्यांनी दाखविले ते खोटे ठरले नाही. भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात आणि वसंतात पावसाळी वाऱ्यांचे आवर्त एकामागून एक येऊन हिमालयावर आदळतात. त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. ते वेळेवर आले तर उत्तरेचा उन्हाळा लांबतो. आले नाहीत तर काय होते ते २०२२ मध्ये दिसले. त्या मार्च महिन्यात देशातला पाऊस सरासरीपेक्षा ७१ टक्क्यांनी कमी पडला, १९०१ पासूनच्या नोंदीत तोवर इतका तापलेला मार्च नव्हता, पंजाब-हरियाणाचा गहू दाण्यात भरण्याआधीच सुकला, आणि १३ मे रोजी सरकारला गव्हाची निर्यात बंद करावी लागली. याउलट हे झंझावात दक्षिणेकडे अधिक खोल उतरले आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून ओला वारा विदर्भात शिरला, तर दोघांची गाठ आपल्या डोक्यावर पडते. मग गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर जी गारपीट झाली ती ज्यांच्या हरभऱ्यावर, गव्हावर आणि संत्र्यावर पडली ते ती जन्मात विसरणार नाहीत.

तिसरा किनारा. किनाऱ्यावर फाल्गुन-चैत्रात सकाळी जमिनीकडून वारा वाहतो आणि दुपारच्या सुमारास समुद्राकडून गार वारा आत येतो. हा समुद्रवारा उशिरा आला की मुंबईचा पारा एकदम चढतो. २०२५ मध्ये तर फेब्रुवारी सरता सरताच मुंबई-कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. परंतु किनाऱ्याच्या उन्हाचा खरा धडा १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला मिळाला. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता, उघड्या मैदानात लाखो माणसे भर उन्हात बसली होती, आणि उष्माघाताने १४ माणसे गेली. जवळच्या केंद्रावर त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. अडतीस! आपल्याकडे एप्रिलमध्ये ३८ अंश असले तर आपण म्हणतो, आज बरे आहे. म्हणून आम्ही म्हणतो की नुसता आकडा ऐकून ऊन समजत नाही.

आणि तो आकडा घेतात तरी कोठे? हे फार थोड्यांना माहीत असते. वेधशाळेच्या हिरवळीवर, जमिनीपासून चार फूट उंचीवर, पांढरा रंग दिलेली लाकडी पेटी उभी असते. तिला झडपांच्या दुहेरी भिंती असतात. वारा आत खेळतो, ऊन आत येत नाही. ही पेटी स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने काढली. तो दीपगृहे बांधणारा, आणि रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या प्रसिद्ध कादंबरीकाराचा बाप. वर्तमानपत्रात आपण ४४ अंश वाचतो ते या पेटीतले, म्हणजे सावलीतले आणि हवेशीर जागेतले. यात वेधशाळेची लबाडी नाही. तिला हवेचे तापमान मोजायचे असते, उन्हाचे नव्हे; आणि जगभरच्या आकड्यांची तुलना व्हायची तर मोजण्याची रीत एकच हवी. रीत सुटली तर काय होते ते नागपूरने पाहिले आहे. ३० मे २०२४ रोजी तेथील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखविले, देशभर गवगवा झाला, आणि मग खात्याने सांगितले की यंत्रात बिघाड होता. त्याच आठवड्यात दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ दाखविले, तपासात ते यंत्र तीन अंशांनी चढे निघाले. लोकांना मात्र ५६ च खरे वाटले, आणि त्याचे आम्हांला आश्चर्य वाटत नाही. डांबरी रस्त्यावर उभ्या माणसाच्या अंगाला जे लागते त्याला ४५ हा आकडा तोकडाच वाटणार.

आमच्या जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात हमालांच्या वेळेचा प्रश्न निघाला होता. एप्रिलचा शेवटचा आठवडा. रुईची एक गाठ साधारण १७० किलोची. ती आवारातून ट्रकवर चढवायची, आणि आवार म्हणजे फरशी आणि पत्रा. दुपारी बारा ते चार काम बंद ठेवून सकाळी सहाला सुरू करावे अशी मागणी होती. व्यवस्थापक सज्जन होते. त्यांनी भ्रमणध्वनी काढून आम्हांला दाखविला आणि म्हणाले, "भाऊ, हे पाहा, आज बेचाळीस आहे. खात्याने लाट जाहीर केलेली नाही. जाहीर झाली की बोलू." नियमाप्रमाणे त्यांचे म्हणणे बरोबर होते. लाट आली असे म्हणायला एका विभागात निदान दोन केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस ते माप भरावे लागते. तेव्हा आमच्याबरोबर आलेला एक वयस्क हमाल म्हणाला, "सायेब, पारा तं सावलीत बसते. आमी उन्हात आहो." एवढ्या थोडक्यात स्टीव्हन्सनची पेटी आम्हांला कोणत्याही पुस्तकाने समजावून दिली नव्हती.

उन्हात काम करणाऱ्याचे माप जगात नाही असे मात्र नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सैन्यात कवायत करताना रंगरूट कोसळू लागले, तेव्हा तेथे एक वेगळे माप काढले गेले. तीन तापमापक घेतात. एकाच्या टोकाला ओले फडके, दुसरा काळ्या रंगाच्या पोकळ गोळ्यात आणि उघड्या उन्हात, तिसरा साधा, सावलीतला. मग हिशेब असा: दहा हिश्श्यांपैकी सात ओल्या फडक्याला, दोन काळ्या गोळ्याला आणि एकच सावलीतल्या पाऱ्याला. सावलीतला पारा, ज्यावर आपण सारी भिस्त ठेवतो, त्याला दहात एक! या मापावर कतारने २०२१ मध्ये नियम केला की ते ३२.१ च्या वर गेले तर उघड्यावरचे काम थांबलेच पाहिजे. शिवाय १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम नाही. कतार हा वाळवंटी देश, तेथे मजुरांचे राज्य नाही, आणि जगभर ओरड झाल्यावरच त्याने हे केले, हेही खरे. पण केले. आपल्याच देशात केरळ हे किनाऱ्याचे राज्य. तेथील श्रम खाते दर उन्हाळ्यात हुकूम काढून उन्हात काम करणाऱ्यांना दुपारी बारा ते तीन विसावा देते. आठ तासांचे काम सकाळी सात ते संध्याकाळी सातच्या आत बसवायचे असते. त्या हुकुमातून समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवरचे डोंगराळ भाग वगळलेले असतात. पाहा, किनारा, डोंगर, वाळवंट हा भेद कामाच्या तासांतही आणता येतो. त्याला नवे शास्त्र लागत नाही.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी गार करून देण्याची सक्ती केली होती. मोठी गोष्ट होती. परंतु तो कायदा छपराखालच्या माणसाचा. ज्याला छप्परच नाही त्याचे काय, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात छपराखालच्यांपेक्षा किती तरी अधिक माणसांचा आहे.

आता सरकारी इशारा काय सांगतो? दुपारी बारा ते तीन उन्हात जाऊ नका, पाणी प्या, डोक्याला रुमाल बांधा. सल्ला उत्तम आहे. अहमदाबादला मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाले. तेव्हा त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, आणि पुढे इतर शहरांनी त्याचा कित्ता गिरविला. आम्ही त्या आराखड्यांची थट्टा करणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की दुपारी घरी बसणे हे ज्याच्या हातात आहे त्यालाच हा सल्ला लागू पडतो. आपले व्याख्यान संध्याकाळी का ठेवले? दुपारी कोणी आले नसते म्हणून. शाळा मार्च-एप्रिलमध्ये सकाळची का होते, कचेरीतला माणूस दुपारची कामे सकाळी का उरकतो? आपल्याला आपली वेळ बदलता येते. अंदाज कळणे आणि वेळ बदलता येणे या दोन गोष्टी एकाच्या हाती असल्या तर अंदाजाचा उपयोग. नाहीतर लाल रंगाचा इशारा हा नुसता लाल रंग.

वेळेच्या वर आणखी एक गाठ आहे, ती मजुरीची. गाठी चढविणाऱ्याला नगावर, विटा पाडणाऱ्याला हजारावर, माती खोदणाऱ्याला मापावर आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्याला शेकड्यावर मजुरी. सत्तर पानांचा एक पुडा, आणि शंभर पुड्यांचा भाव. अशा माणसाला कोणी 'दुपारी थांब' असे सांगत नाही आणि 'दुपारी चाल' असेही सांगत नाही. तो आपणहून चालतो, कारण थांबला की भाकर थांबते. मालक मग म्हणू शकतो की आम्ही कुठे जबरदस्ती केली? खरेच नाही केली. मजुरीच्या दरानेच ती केली. म्हणून आम्ही सभासदांना नेहमी सांगतो की उन्हाचे भांडण हे दराचे भांडण आहे. आंध्र-तेलंगणात रोजगार हमीच्या मातीकामावर उन्हाळ्याच्या महिन्यांत मापात सवलत दिली गेली होती: माती कमी खोदली तरी मजुरी तीच. उन्हात माणसाचा हात मंद चालतो हे तेथे हिशेबात धरले गेले. आम्हांला ती सवलत पन्नास भित्तिपत्रकांपेक्षा मोलाची वाटते.

त्या जिनिंग कारखान्यात शेवटी काय झाले ते सांगतो. पाच बैठका झाल्या. नारिंगी इशारा आला की काम सहा ते अकरा आणि चार ते सात, हे मान्य झाले. लाल इशारा आला तर दुपारनंतर पूर्ण बंद, हेही झाले. माठांची संख्या वाढली, पत्र्याखाली ताट्या बांधल्या गेल्या, आणि मीठ-साखर-लिंबाची बादली ठेवली गेली. परंतु बंदच्या वेळेची मजुरी कोणी सोसायची यावर एकमत झाले नाही, आणि ती मागणी अजून तशीच आहे.

तेंदूचेही असेच. मे महिन्यात पाने तोडून, पुडे बांधून उन्हात वाळत घालतात. त्यावर वादळी पाऊस पडला की पान डागते, भाव पडतो. त्यामुळे अवकाळीचा अंदाज ठेकेदार दिवसातून चार वेळा पाहतो, आणि इशारा आला की पुडे झाकायला सगळी माणसे बोलावून घेतो. त्याच भ्रमणध्वनीवर उष्णतेचाही इशारा येतो. तो मात्र कोणी मोठ्याने वाचून दाखवीत नाही.

आणि बंधूंनो, मालक म्हणजे नेहमी कोणी दुसराच असतो असेही नाही. येथे बसलेल्यांपैकी काहींच्या घराचे काम सुरू असेल. पावसाआधी स्लॅब पडावा म्हणून गवंडी-बिगाऱ्यांची सगळी घाई एप्रिल-मेमध्येच असते. स्लॅब एकदा सुरू केला की मध्ये थांबविता येत नाही, म्हणून सकाळी नऊला आरंभ आणि दुपारी दोनच्या उन्हात घमेली. सळई हाताला चटके देते, सिमेंट हात खाते, आणि वर आभाळ. यात एक विलक्षण गोष्ट आहे. हवा ४० अंशांच्या वर असेल तेव्हा काँक्रीट टाकताना काय काळजी घ्यावी याचे भारतीय मानक १९७५ सालीच तयार झाले: खडी सावलीत ठेवा, पाणी गार वापरा, काम शक्यतो सकाळी-संध्याकाळी करा, कारण तापलेले काँक्रीट लवकर आवळते आणि त्याला भेगा जातात. म्हणजे सिमेंटला दुपारचे ऊन सोसत नाही हे पन्नास वर्षांपूर्वी कागदावर आले. तेव्हा आपल्या घराचा स्लॅब पहाटे चारला किंवा संध्याकाळी सहाला सुरू करा असे कंत्राटदाराला सांगितले तर ते माणसासाठी म्हणून त्याने ऐकले नाही तरी स्लॅबसाठी म्हणून ऐकावेच लागेल. दिवे लावावे लागतात, मिक्सरच्या आवाजाने शेजाऱ्यांची झोप मोडते, आणि रात्रीच्या कामाला मजूर थोडा जास्त दर मागतात. हा जादा खर्च घरमालकाने सोसावा असे आमचे म्हणणे आहे. त्याबाबत कोणाला काही विचारायचे असेल तर आम्ही सभा संपल्यावर मंडपाबाहेर थांबणार आहोत.